उपनिषदांचे चिनी भाषांतरकार पुदुच्चेरीत
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. पंचवटीत आमचा उपनिषदांचा एक छोटा अभ्यासवर्ग चालतो. तेथे एका व्याख्यात्यांनी सांगितले, की पन्नास उपनिषदे चिनी भाषेत आणणारे एक पंडित मायदेशापासून दूर, कित्येक वर्षे पुदुच्चेरीत राहत होते. हे गृहस्थ कोण? त्यांना देश सोडावा लागला होता का, आणि परमुलखात त्यांचा निर्वाह कसा चालला?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या व्याख्यात्यांनी सांगितले ते शू फानछंग यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1909 मध्ये हूनान प्रांतातील छांगशा येथे झाला. तरुणपणी त्यांना लू शुन या थोर लेखकाचा सहवास लाभला, पुढे जर्मनीत हायडेलबर्गला शिक्षण झाले आणि परतल्यावर नीत्शेचे ग्रंथ त्यांनी चिनी भाषेत आणले. ज्या जर्मन विद्याविश्वात शोपेनहाउअरने उपनिषदांची मुक्तकंठाने स्तुती केली होती आणि पाउल डॉयसेनने साठ उपनिषदांचे भाषांतर केले होते, त्याच विद्याविश्वातून हा माणूस आला होता. त्यामुळे तो संस्कृतकडे वळला, याचे मला तरी नवल वाटत नाही.

1945 च्या अखेरीस तत्कालीन चिनी सरकारच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या योजनेतून ते भारतात आले आणि शांतिनिकेतनच्या चीन भवनात शिकवू लागले. त्यांना कोणी हद्दपार केले नव्हते, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. परंतु 1949 मध्ये चीनमध्ये सत्तांतर झाले, ज्या सरकारने त्यांना पाठवले होते त्याची सत्ता मुख्य भूमीवर उरली नाही, आणि काही वर्षांसाठी परदेशी आलेला एक अध्यापक पाठीमागचा आधार तुटलेल्या अवस्थेत येथेच राहिला. त्यांनी काशीला जाऊन संस्कृतचा अभ्यास केला आणि 1951 मध्ये ते पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमात दाखल झाले. त्या वेळी पुदुच्चेरीवर अजून फ्रेंचांची सत्ता होती. श्रीअरविंदांचे डिसेंबर 1950 मध्येच निधन झालेले असल्यामुळे ज्यांच्या ग्रंथांना त्यांनी पुढची कित्येक वर्षे वाहून घेतले, त्यांची आश्रमात गाठ पडणे शक्यच नव्हते.

निर्वाहाविषयी सांगायचे, तर आश्रमात साधकांना पगार नसतो, राहण्याजेवणाची व्यवस्था आश्रम पाहतो. आश्रमाच्या प्रमुख माताजींनी चिनी विभागाचे काम त्यांच्यावर सोपवले. भारतातील या वर्षांत त्यांनी उपनिषदे, भगवद्गीता, कालिदासाचे मेघदूत आणि श्रीअरविंदांचा ‘दिव्य जीवन’ हा प्रचंड ग्रंथ, असे एकामागून एक काम हातावेगळे केले. ते चित्रेही काढत.

माझ्या मते त्यांची खरी अडचण पोटापाण्याची नव्हती, वाचकाची होती. गीतेचा चिनी अनुवाद 1957 मध्ये आश्रमाकडून प्रसिद्ध झाला खरा, पण ज्या देशातील लोकांसाठी तो केला तेथपर्यंत तो पोहोचण्याची वाट जवळजवळ बंद होती. पुढे 1962 चे युद्ध झाले आणि चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले गेले. त्यानंतर 1966 पासून चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि जुन्या विद्येचे नाव काढणेही तेथे धोक्याचे ठरले. अशा काळात उपनिषदांचे भाषांतर कोण वाचणार, असा प्रश्न कोणाही भाषांतरकाराला कामावरून उठवायला पुरेसा होता, तरीही हे काम थांबले नाही, आणि मला या गोष्टीचे मोल त्यांच्या विद्वत्तेहून कमी वाटत नाही.

या भाषांतरांची भाषाही पाहण्यासारखी आहे. त्यांच्या पिढीतील बहुतेक लेखक बोलीजवळची नवी चिनी लिहीत असताना उपनिषदांसाठी त्यांनी प्राचीन अभिजात चिनी निवडली, आणि तिच्यात छू प्रदेशातील जुन्या काव्याची लय ऐकू येते. त्या काव्यपरंपरेचा अग्रणी कवी छ्यू युआन याला राजाने दूर घालवले होते आणि त्याने ज्या मीलुओ नदीत देह टाकला ती हूनानमध्येच, शू यांच्या जन्मगावापासून फार दूर नाही. तेव्हा उपनिषदांतील ऋषींचे बोल त्यांनी आपल्या मातीतल्या सर्वांत जुन्या सुरात बसवले, असे म्हणता येईल.

1978 च्या अखेरीस, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते चीनला परतले आणि बीजिंगच्या सामाजिक विज्ञान अकादमीतील जागतिक धर्म संस्थेत काम करू लागले. पन्नास उपनिषदांचा ग्रंथ तेथे 1984 मध्ये छापला गेला. 2000 च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले आणि 2006 मध्ये त्यांचे समग्र लेखन सोळा खंडांत निघाले.

प्रश्न : अशा चिनी पंडितांचा आपल्या मराठी मुलखाशी काही संबंध आला होता का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : शू यांच्याबद्दल नव्हे, पण त्यांचे समकालीन चिन खमु यांच्याबद्दल हे निश्चित सांगता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात होते आणि सारनाथला धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी त्यांनी संस्कृत-पालीचे अध्ययन केले. धर्मानंदांचे बौद्ध धर्मावरचे मराठी ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असतील. पण ऐन तारुण्यात बुद्धाच्या ध्यासाने घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथा घालणारा हा गोमंतकीय माणूस उतारवयात एका चिनी विद्यार्थ्याचा गुरू झाला, हे फारसे सांगितले जात नाही. चिन 1946 मध्ये मायदेशी परतले आणि पुढे बीजिंग विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे मेघदूत 1956 मध्ये बीजिंगला छापले गेले, आणि शू यांचे 1957 मध्ये पुदुच्चेरीला.