हात आपोआप सुटत नाही

मुलांशी क्रूरपणे वागणारा माणूस तसा का वागला हे शोधलंच पाहिजे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींत राग होता, काही झोप लागत नाही म्हणून रात्री लिहिलेली होती. त्यांतली सहा इथे घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला चटके देणाऱ्या माणसाचं बालपण कसं गेलं, याच्याशी मला काय करायचंय? त्याचा भूतकाळ उगाळला की त्याचीच कणव येते आणि मूल बाजूला राहतं. अशांना समजून घेण्यासारखं असतं तरी काय?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. तो शांत करावा असं मला वाटत नाही. मी पंचवीस वर्षं दोन्हीकडे काम केलंय, मार खाल्लेल्या मुलांबरोबर आणि तुरुंगात जाऊन मारणाऱ्यांबरोबर. सकाळी मुलाच्या मांडीवरचे डाग पाहायचे आणि दुपारी ते देणाऱ्यासमोर बसायचं, हे मला आजही सोपं जात नाही.

पण ‘समजून घेणं’ या शब्दानेच आपला घोटाळा होतो. आपल्याकडे त्याचा रोजचा अर्थ सांभाळून घेणं असा आहे. ‘तो तापट आहे, जरा समजून घे’ असं म्हणणाऱ्याला तो तापट का झाला याच्याशी देणंघेणं नसतं. समोरच्याने गप्प बसावं एवढंच त्याला हवं असतं. मला हवंय ते पंचनाम्याच्या जवळचं आहे. काय झालं, त्याआधी काय झालं होतं, कोणी पाहिलं, कोणाला थांबवता आलं असतं. पंचनामा बारकाईने केला म्हणून गुन्हा लहान होत नाही.

युगांडातला डॉमिनिक ऑंग्वेन साधारण नऊ वर्षांचा असताना ‘लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी’ या बंडखोर संघटनेने त्याला पळवून नेलं. तिथेच तो वाढला, कमांडर झाला, आणि पुढे त्यानेच पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत ओढलं. खून, छळ, बलात्कार हेही त्याच्या नावावर आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला ६१ आरोपांत दोषी ठरवलं. मानसिक आजार होता, जिवाच्या भीतीने केलं, हे दोन्ही बचाव न्यायाधीशांनी फेटाळले. पीडितांच्या वकिलांनी जन्मठेप मागितली होती. शिक्षा मात्र २५ वर्षांची झाली, कारण ती ठरवताना न्यायाधीशांनी नऊ वर्षांच्या त्या मुलाचं अपहरणही मोजलं. ती कमी झाली असं तुम्हाला वाटू शकतं, त्यावर आपण वाद घालू. मला महत्त्वाची वाटते ती न्यायालयाची पद्धत. ‘दोषी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांनी त्याचं बालपण आड येऊ दिलं नाही, आणि ‘किती शिक्षा’ हे ठरवताना ते लपवलंही नाही. घरातल्या गुन्ह्याबद्दल बोलताना आपण नेमके हेच दोन प्रश्न एकमेकांत कालवतो.

प्रश्न : आमच्या मुलांच्या शिकवणीचे सर सगळ्यांचे लाडके होते. दोन वर्षांनी कळलं ते काय करत होते. आम्हा पालकांपैकी एकालाही शंका आली नाही. आम्ही आंधळे होतो का?

उत्तर : तुम्ही राक्षस शोधत होता. आपण सगळेच शोधतो. असं कृत्य करणारा चेहऱ्यावरून ओळखू येईल, मुलं त्याच्यापासून पळतील, ही आपली खात्री असते. मग फळा पुसता पुसता मुलांना हसवणारा माणूस आपोआपच संशयाच्या बाहेर जातो.

डॉक्टरांचीही अशीच फसगत झालेली आहे. १९४६ मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी सहा तान्ह्या मुलांविषयी लिहिलं. मेंदूभोवती रक्त साकळलेलं, आणि हातापायांच्या हाडांना मिळून २३ फ्रॅक्चर. एक्स-रे समोर होते, पण ही हाडं कोणीतरी मोडली आहेत हे वैद्यकशास्त्राला ठामपणे म्हणायला पुढची सोळा वर्षं लागली. १९६२ मध्ये हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते म्हटलं, आणि सोबत हेही नोंदवलं की आई-बाप असं करू शकतील यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नाही.

लैंगिक अत्याचार करणारा बहुतेक वेळा मुलाच्या माहितीतलाच असतो, आणि तो आधी मुलाचा नव्हे, मोठ्यांचा विश्वास कमावतो. तुरुंगातल्या एकाने मला सांगितलं होतं, ‘ज्या घरात पोरगं बोलायला लागलं की मोठी माणसं मध्येच तोडतात, ते पोरगं मी हेरायचो.’ हे वाक्य मी पालकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते. त्याला त्याच्या तोंडून बोलू दिलं नसतं तर ते माझ्या हाती लागलं नसतं.

म्हणून स्वभावावर भरवसा ठेवू नका, वागण्यावर नजर ठेवा. एकाच मुलाला वेगळं थांबवून घेणं, परस्पर भेटवस्तू देणं, ‘हे आपल्या दोघांतच’ असं म्हणणं, मुलाने अंग आकसलं तरी गुदगुल्या चालूच ठेवणं. यातलं काही दिसलं तर माणूस कितीही चांगला असला तरी विचारा. आणि मुलांना ‘आधी का नाही सांगितलंस’ असं आता विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढंच पुरे.

प्रश्न : माझे पती आमच्या सात वर्षांच्या मुलाला पट्ट्याने मारतात. नंतर रडतात, त्याला जवळ घेतात. म्हणतात, ‘हात सुटतो गं माझा, मला माझ्या बापानेही असंच वाढवलं.’ ते क्रूर आहेत की आजारी, मला कळत नाही.

उत्तर : ‘हात सुटतो.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वही मिटून त्यावरच बोलते. मारणारी माणसं स्वतःला वाक्यातून काढून घेतात. हात सुटला, डोकं फिरलं, मारलं गेलं. हात जणू खुंटीला बांधलेला होता आणि दावं तुटलं.

एका बापाला मी म्हटलं, पट्टा कुठे होता ते सांगा. कपाटात. कपाट कुठे? आतल्या खोलीत. म्हणजे तुम्ही उठलात, आत गेलात, कपाट उघडलं, पट्टा काढला, परत आलात. मध्ये दाराची बेल वाजली असती तर? तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘थांबलो असतो.’ त्या दिवशी तो पहिल्यांदा ‘मी मारलं’ असं बोलला. तुमच्या पतींचा हात वरिष्ठांवर सुटत नसेल, रस्त्यावरच्या धडधाकट माणसावर सुटत नसेल. तो मुलावर सुटतो, कारण तिथे सुटलेला चालतो.

त्यांच्या वडिलांनी त्यांना मारलं हे खरं असेल, आणि ते वाईटच झालं. त्यातून हे कळतं की त्यांच्या मनात बाप म्हटला की पट्टा येतो. आणखी एक गोष्ट माझ्या पाहण्यात सारखी येते: मारणाऱ्या आई-बापांना मुलाच्या साध्या वागण्यात डाव दिसतो. दूध सांडलं, ‘मुद्दाम सांडलं’. झोपत नाही, ‘मला छळायला झोपत नाही’. हा समज उपचारात बदलता येतो, बदललेला मी पाहिलाय. त्यासाठी माणसाने स्वतः यावं लागतं आणि मारणं त्याच दिवशी बंद करावं लागतं. ‘हळूहळू कमी करतो’ हे मी मान्य करत नाही.

ही शिस्त आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. युनिसेफच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात दोन ते चार वर्षांच्या दर चार मुलांपैकी तिघांना घरात शिस्तीच्या नावाखाली मार किंवा शिवीगाळ सहन करावी लागते, म्हणजे सुमारे ३० कोटी मुलांना. मारहाण इतकी सर्रास आहे म्हणूनच ती कोणाला दिसत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश.

रडण्यावर जाऊ नका. मारून झाल्यावर बाप रडतो तेव्हा त्याची समजूत कोण काढतं? तुमच्या पत्रात लिहिलंय, मुलगा त्यांचे डोळे पुसतो. सात वर्षांच्या मुलावर हे दुसरं ओझं आहे. ते क्रूर की आजारी हे आपण नंतर ठरवू. आधी मुलाला मार बसणार नाही अशी जागा बघा, एका तरी वडीलधाऱ्या माणसाला हे स्पष्ट शब्दांत सांगा, डॉक्टरांकडून जखमांची नोंद करून घ्या आणि बालसंरक्षण यंत्रणेशी बोला. पतींवर प्रेम आहे म्हणून यातलं काहीही थांबवायची गरज नाही.

प्रश्न : अशी माणसं मुळात वेडीच असतात ना?

उत्तर : बहुतेक नसतात. ती नोकरी करतात, हिशेब ठेवतात, पुरावा लपवतात. त्यांना वेडं म्हणण्याने मनोरुग्णांवर मात्र अन्याय होतो. मुलांविषयी लैंगिक आकर्षण वाटणं ही आणखी निराळी गोष्ट आहे. अत्याचार करणाऱ्या सगळ्यांना ते नसतं, आणि ते असलेला प्रत्येकजण अत्याचार करत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून अशा लोकांवर त्यांनी काही करण्याआधीच, गोपनीयता पाळून उपचार होतात. त्यावर पैसा का घालवायचा असं विचारणाऱ्यांना मी सांगते, तो मुलांसाठीच घालवलेला असतो.

प्रश्न : मी नऊ वर्षांची असताना काकांनी दोन वर्षं माझ्यावर अत्याचार केला. आता ते अंथरुणाला खिळलेत. आत्या म्हणते, ‘त्यांचंही आयुष्य वाईट गेलं, आता मरणाच्या दारात आहेत, तू समजून घे आणि एकदा येऊन जा.’ नाही गेले तर मी निर्दयी ठरेन का?

उत्तर : नाही.

काकांचं आयुष्य वाईट गेलं असेल. त्याचा हिशेब कोणी करायचा असेल तर त्यांनी स्वतः, डॉक्टरांनी, न्यायालयाने. माझ्यासारखे लोक हा शोध घेतात ते आमचं काम म्हणून. ज्या मुलीवर ते झालं तिच्याकडून तो घेववणं हे तिला पुन्हा त्याच खोलीत ढकलण्यासारखं आहे. तुम्हाला त्यांच्याबद्दल काहीही कळून घ्यायचं नसेल तर तो तुमचा हक्क आहे.

आत्या तुमच्याकडे काय मागतेय ते नीट बघा. काकांनी कबूल करावं असं ती म्हणत नाही. घरातल्यांना तेव्हा माहीत होतं का, हेही बोलत नाही. तुम्ही येऊन गेलात की सगळ्यांना मोकळं वाटेल, इतकंच आहे ते. ‘मी येणार नाही, आणि का ते तुला माहीत आहे’ असं तिला सांगितलं तरी चालेल. कारणं द्यायची गरज नाही.

कधी जावंसं वाटलंच, त्यांच्यासमोर उभं राहून काही बोलावंसं वाटलं, तर जरूर जा. पण आपल्या वेळेने, आपलं माणूस सोबत घेऊन, आणि त्यांच्याकडून माफी मिळेल ही आशा न ठेवता. आणि त्या घरात आज लहान मुलं येत-जात असतील तर त्यांच्या आई-बापांना हे कळायला हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळही मूल एकटं सोडू नये. हे तुम्हाला सांगणं जड असेल तर तुमच्यासोबत बसून सांगणारं कोणी शोधू.

प्रश्न : माझ्या आईने मला खूप मारलं. आता माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. परवा रात्री ते तीन तास रडत होतं आणि मी त्याचे दंड इतके घट्ट धरले की बोटांचे वळ उठले. मी त्याला हलवलं नाही, पण हलवणार होते. मारलेली मुलं मोठेपणी मारतात असं म्हणतात. मी पण तशीच आहे का?

उत्तर : तुम्ही लिहिलंत, हे फार मोठं काम केलंत. वळांपासून सुरुवात करू: उद्याच बाळाला डॉक्टरांकडे न्या आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा. इतक्या लहान बाळाच्या अंगावरचा कुठलाही वळ डॉक्टरांनी पाहायलाच हवा. लपवू नका. ते प्रश्न विचारतील, कदाचित तुमच्या घरी कोणी चौकशीला येईल. त्याला घाबरू नका, तुम्हाला मदत मिळण्याची ती वाट आहे.

‘मारलेली मुलं मारतात’ हे अर्धवट खरं आहे. अमेरिकेत कॅथी विडम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६७ ते १९७१ मध्ये न्यायालयात छळ किंवा हेळसांड सिद्ध झालेल्या ९०८ मुलांच्या पुढच्या नोंदी तपासल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध केल्या. अल्पवयात गुन्ह्यासाठी अटक झालेली मुलं त्यांच्यात शंभरात २६ होती, तशाच परिस्थितीतल्या इतर मुलांत १७. फरक आहे, तो नाकारू नये. पण शंभरातल्या ७४ मुलांच्या नावावर तशी अटक नव्हती. ‘बापाने मला मारलं म्हणून मी मारतो’ म्हणणाऱ्याला मी ही ७४ मुलं दाखवते. तुम्हालाही तीच दाखवतेय, वेगळ्या कारणाने.

बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतं. बऱ्याचदा संध्याकाळी, रात्री, काहीही केलं तरी न थांबणारं. तुम्ही आत्ता त्या चढाच्या टोकावर आहात. बाळ तुमच्यावर रागावून रडत नाही, आणि तुम्ही वाईट आई आहात म्हणूनही नाही.

पण हलवणं जिवावर बेतू शकतं. बाळाचं डोकं जड असतं, मान कोवळी. काही सेकंद जोरात हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होतो, दृष्टी जाते, बाळ दगावतं. म्हणून हात आवळायला लागले की बाळाला त्याच्या बिछान्यावर पाठीवर झोपवा, आजूबाजूला उशी-दुपटं ठेवू नका, दार ओढून बाहेर या. रडू द्या. दहा मिनिटं एकट्याने रडल्याने त्याला इजा होत नाही. मधूनमधून फक्त डोकावा. डॉक्टरांना तुमच्या झोपेबद्दल, उदास वाटतं का याबद्दलही सांगा, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर चांगले उपचार आहेत.

आणि आज दिवसाउजेडी तिघांना फोन करून ठेवा, रात्री दोन वाजता केला तर उचलाल का म्हणून. तसा फोन करायची वेळ आली तर ‘बाळ रडतंय’ असं सांगू नका, कारण ‘बाळं रडतातच’ असं उत्तर येईल. ‘मला माझ्या हातांची भीती वाटतेय, लगेच ये’ असं म्हणा.