आपलाच माणूस आहे, तो कशाला असं करेल?

गेल्या काही आठवड्यांत संस्था चालवणाऱ्या, तिथे शिकवणाऱ्या, फावल्या वेळात मुलांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच जणांची पत्रं आली आणि सगळ्यांचा मुद्दा फिरून फिरून एकच होता, आपल्याकडे येणारं मूल आपल्याकडे सुरक्षित आहे ना. त्यातली पाच इथे घेतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, मुलांचे अभ्यासवर्ग आणि खेळ घेतो. देणगीदारांनी बालसुरक्षेची पॉलिसी मागितलीय. नेटवरून एखादी डाउनलोड करून आमचं नाव टाकलं तर चालेल का? आम्ही सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतो, खरं तर गरज वाटत नाही.

देणगीदारांना कदाचित चालेल, पण मुलांच्या काही कामाची नाही ती. आणि "आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो" हे वाचून मला खरंच धस्स झालं, कारण मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, मुलांचा लाडका, मोठ्यांच्या भरवशाचा, कुठल्याही कामाला पहिला हजर. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, फक्त हाच विषय तपासला, शाळा, चर्च, अनाथाश्रम, खेळाचे क्लब, सगळीकडे मुलांचं लैंगिक शोषण झालं तेव्हा संस्था कशा वागल्या. ८,००० हून जास्त लोकांनी कमिशनसमोर खाजगीत येऊन आपली गोष्ट सांगितली आणि घडलेलं पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी जवळजवळ २४ वर्षं लागली होती. चोवीस वर्षं! त्यामुळे आजवर आपल्याकडे एकही तक्रार आली नाही यावर निश्चिंत होऊन बसू नका.

पॉलिसी अशी करा. सगळे एक दुपार काढून बसा आणि मूल दारातून आत येतं तिथपासून परत घरी पोचेपर्यंतचा त्याचा अख्खा दिवस कागदावर मांडा, आणि कुठे कुठे ते एकाच मोठ्या माणसाबरोबर, इतर कुणाच्या नजरेआड असतं तिथे खूण करा. सामानाची खोली, बाथरूमकडे जायचा रस्ता, घ्यायला यायला घरच्यांना उशीर झाला तेव्हाचा अर्धा तास, गाडीतून सोडणं, सहलीतला मुक्काम, आणि हल्ली फोन. मग एकेका खुणेवर नियम ठरवा : दार उघडं राहील, दोन मोठी माणसं असतील, मेसेज फक्त पालक असलेल्या ग्रुपवर जातील. हे झालं की पॉलिसीचा निम्मा भाग तयार.

उरलेला निम्मा म्हणजे सांगायचं कुणाला. दोन माणसं नेमा, त्यातली एक तरी बाई असू दे, आणि तक्रार खुद्द संस्थाचालकाबद्दल असेल तर ती संस्थेबाहेरच्या कुणाकडे जाईल तेही आत्ताच लिहून ठेवा, कारण नेमकं तिथेच सगळं अडतं. नवीन माणूस घेताना पोलीस व्हेरिफिकेशन कराच, पण त्यात फक्त आधी पकडलेले लोक सापडतात, म्हणून जुन्या ठिकाणी फोन करून सरळ विचारा की तुम्ही या माणसाला परत मुलांबरोबर काम द्याल का, आणि समोरचा अडखळतोय का ते ऐका. आणि हो, मुलांनाही विचारा की इथे कुठे भीती वाटते. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलांचं म्हणणं ऐकलं जाणं हा त्यांचा हक्क आहे, कलम १२. मोठ्यांच्या कधी लक्षातही येणार नाहीत अशा जागा मुलं बरोबर दाखवतात.

प्रश्न : आमचे एक सिनियर कार्यकर्ते एका मुलाला सारखं काही ना काही गिफ्ट देतात, रात्री मेसेज करतात, एकट्याला गाडीतून सोडतात. पुरावा काहीच नाही. ट्रस्टींना सांगितलं तर म्हणाले, पंधरा वर्षांपासून आपलाच माणूस आहे, उगाच कुणाचं आयुष्य बरबाद करू नका. माझंच चुकतंय का?

तुमचं अजिबात चुकत नाहीये आणि तुम्ही गप्प बसू नका.

तुम्ही जे लिहिलंय त्याला ग्रूमिंग म्हणतात किंवा ती त्याची सुरुवात असू शकते. एखादं मूल निवडायचं, बहुतेकदा ज्याच्याकडे घरात फारसं कुणाचं लक्ष नसतं असं, त्याला तू स्पेशल आहेस असं वाटायला लावायचं, मग छोटी छोटी गुपितं, मग छोटे छोटे नियम मोडणं, आणि हे सगळं चालू असताना मोठ्यांचा विश्वासही तितक्याच मेहनतीने कमवायचा. ही दुसरी बाजू आपण विसरतो. ट्रस्टी म्हणतायत ते "पंधरा वर्षं आपलाच माणूस" त्यातूनच येऊ शकतं. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर लॅरी नासर उपचारांच्या नावाखाली मुलींचं शोषण करत होता, काही वेळा तर मुलीचे आई-वडील त्याच खोलीत बसलेले असायचे. मुलींनी वर्षानुवर्षं सांगितलं आणि वर्षानुवर्षं मोठ्यांनी त्यांनाच गप्प केलं, तुझा गैरसमज झाला म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये त्याला शिक्षा सुनावली तेव्हा कोर्टात १५० हून जास्त जणी बोलल्या. पहिल्या एक-दोघींचं ऐकलं असतं तर त्यातल्या कितीजणी वाचल्या असत्या हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तुमचं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. तुमचं काम एवढंच की स्वतः पाहिलेलं लिहून काढायचं, तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं. "मला वाटतं तो वाईट माणूस आहे" असं लिहू नका, "अमुक तारखेला संध्याकाळी साडेसात वाजता मुलगा एकटा गाडीत बसताना पाहिला" असं लिहा. ते ट्रस्टींना लेखी द्या आणि पोच घ्या. आणि माणूस कसा आहे यावर वादच घालू नका, नियमाबद्दल बोला : कुणीही, कितीही जुना असो, एकट्या मुलाला गाडीतून नेणार नाही, खाजगी मेसेज करणार नाही, हे आजपासून सगळ्यांना लागू. तो माणूस साफ असेल तर त्याचं यात काहीच जात नाही. इंग्लंडमधल्या शाळांसाठीच्या सरकारी सूचनांमध्ये २०२१ पासून अशा बारीक, मनात नुसती खटकलेल्या गोष्टीसुद्धा नोंदवून ठेवायला सांगितलंय, कारण एकेकटी नोंद क्षुल्लक दिसते पण पाच वेगवेगळ्या लोकांच्या पाच नोंदी शेजारी ठेवल्या की चित्र दिसायला लागतं.

ट्रस्टींनी तरीही काही केलं नाही तर मुलाच्या पालकांशी आणि तुमच्या इथल्या बालसंरक्षण यंत्रणेशी थेट बोला. आणि प्रत्यक्ष काही घडल्याचं कळलं किंवा तशी दाट शंका आली तर ट्रस्टींच्या उत्तराची वाटही बघू नका, त्याच दिवशी पोलिसांकडे जा. संस्थेचं नाव खराब होईल असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

प्रश्न : एका मुलीने मला "कुणाला सांगणार नाही ना" असं वचन घेऊन काहीतरी भयंकर सांगितलं. मी हो म्हणून बसले. आता काय करू?

वचन मोडावं लागेल, आणि ते तिला सांगून मोडा. तिच्याकडे जा, म्हणा की मी घाईत हो म्हटलं, ती माझी चूक होती, तुला सुरक्षित ठेवायचं तर मला एका-दोघांना सांगावंच लागेल, कुणाला सांगणार तेही मी तुला सांगते. ती चिडेल, रडेल. चालेल, तुम्ही तिथेच थांबा.

पुढच्या वेळी कुणी असं विचारलं तर आधीच सांगा की वचन नाही देता येणार पण ऐकते मी. मग ऐका. "त्याने तुला इथे हात लावला का" असे प्रश्न नकोत, त्यात उत्तर आपणच पुरवतो आणि पुढे तपासात मुलीचं म्हणणं कमजोर पडतं. "मग काय झालं?" एवढं पुरतं. "तू आधी का नाही सांगितलंस" हे तर चुकूनही नको. मला विश्वास आहे तुझ्यावर, तुझी यात काही चूक नाही, सांगितलंस ते बरं केलंस, ही तीन वाक्यं सांगा. ती गेल्यावर लगेच लिहून काढा, तिच्याच शब्दांत, तिने एखाद्या अवयवाला घरातला शब्द वापरला असेल तर तोच शब्द, आपला सभ्य शब्द नको. आणि त्याच दिवशी नेमलेल्या व्यक्तीकडे द्या. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाऊन जाब विचारू नका, तो सावध होतो आणि सगळा राग मुलीवर निघतो. चार जणांनी बसवून तिला परत परत सांगायला लावू नका, चौकशी करणाऱ्यांना चौकशी करू दे.

लिहिणारीसाठी एक वेगळं : हे ऐकून तुमची झोप उडाली असणार. तुम्हीही कुणाशी तरी बोला, मुलीचं नाव न घेता.

प्रश्न : कार्यक्रमाचे मुलांचे फोटो पेजवर टाकावेत का?

पालकांची लेखी आणि मुलाची स्वतःची परवानगी असेल तर टाका, पण नाव, शाळा, जागा, रोजची वेळ यातलं काहीही फोटोबरोबर नको. देणगी मिळावी म्हणून रडणाऱ्या, फाटक्या कपड्यातल्या मुलाचा फोटो तर मुळीच नको, ते मूल उद्या मोठं होईल आणि तो फोटो त्याला सापडेल.

प्रश्न : आम्ही एकाला अशाच कारणासाठी जायला सांगितलं, गाजावाजा नको म्हणून त्याने राजीनामा दिला. आता दुसऱ्या संस्थेने त्याच्याबद्दल विचारलंय. गप्प बसू की चांगलं सांगू?

दोन्ही नाही. ऑस्ट्रेलियाच्या त्या कमिशनसमोर हे पुन्हा पुन्हा आलं, एका ठिकाणाहून गुपचूप काढलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी, तिथून तिसऱ्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी नवीन मुलं. तुमच्याकडे नोंदी असतील तर वकिलाला दाखवून तेवढंच, खरं तेच, लेखी कळवा : अमुक तक्रार आली होती, चौकशी पूर्ण व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला, मुलांबरोबरच्या कामासाठी आम्ही त्यांची शिफारस करू शकत नाही. आणि तेव्हा तुम्ही पोलिसांना कळवलं नव्हतं असं पत्रावरून वाटतंय, तसं असेल तर ते आधी करा, पत्राला उत्तर नंतर. तुमच्याकडची जी मुलं त्याच्या जवळ होती त्यांच्याशी, त्यांच्या पालकांशी कुणी बोललंय का? पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळही नाहीये.