तिफन कधी हातात आली?

"मॅडम, पोरगा शेफ होतो म्हणाला, आम्ही पैसा लावला. आता आनखी किती दिवस पुरवाचं?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बाजाराच्या दिवशी समुपदेशनाला बसते. हा प्रश्न तिथं इतक्यांदा ऐकला की एका घराची गोष्ट लिहूनच टाकावी म्हटलं. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

5 एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा 25 वर्षांचा. बारावीनंतर नागपुरात स्वयंपाकाचा दीड वर्षाचा डिप्लोमा, मग पुण्यात हॉटेलात. एक नोकरी सोडली, दुसरी धरली, तीही सोडली. आता घरीच, खाटेवर मोबाइल घेऊन. एकर विकून रस्त्यावर धाबा टाकून द्यायचं वडिलांच्या मनात. आई बचत गटातून उचलून त्याला पैसे पाठवत होती, हे नवऱ्याला माझ्यासमोर कळलं. त्या दिवशी पुढं काही बोलणं झालं नाही.

2017 मध्ये नागपूरच्या विष्णू मनोहरांनी सलग 50 तासांहून जास्त स्वयंपाक केला, तेव्हा त्याची बातमी या घरानं कौतुकानं पाहिली होती. शेफ म्हणजे तसा, एवढंच त्यांना ठाऊक. पोरगा दोन वर्षांत तसा का झाला नाही, हे कोडं.

तिसऱ्या वेळी मुलगा सोबत आला. नोकऱ्या का सोडल्यास, हे मी विचारलंच नाही. ते विचारून विचारून घरच्यांनी आधीच गुळगुळीत करून ठेवलं होतं.

"सकाळी किचनमध्ये गेल्यावर पहिलं काय करायचास?"

"कांदे."

"मग?"

"कांदेच. मंग लसून. मंग फ्रीज पुसाचा." थोडं थांबून तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "गावात सप्ताह होता. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, चारशे मानसाचं. बाबानं साऱ्याइले सांगून ठेवलं, माह्या पोरगा शेफ हाय, थो करते. मले नाही येत ना मॅडम चारशेचं. रातच्या गाडीनं निंगून गेलो."

वडील ताडकन म्हणाले, "दोन वर्षं कांदेच कापले? मंग शिकला काय?"

हॉटेलच्या किचनची उतरंड मी त्यांना आधीच्या भेटीत कागदावर काढून दाखवली होती. सगळ्यात खाली कॉमी, त्यातही थ्री, टू, वन. मग डेमी, मग शेफ द पार्टी, मग सू शेफ. एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच आचाऱ्यानं ही घडी बसवली. तो सैन्यात स्वयंपाकी होता, म्हणून तिथं हुद्दे असे पलटणीसारखे. वडिलांनी, म्हणजे भाऊंनी, कागदाची घडी घालून खिशात ठेवली होती. डोक्यात काही गेलं नव्हतं. चूक माझीच.

म्हणून विचारलं, "भाऊ, तुमच्या वडिलांनी पेरणीला तिफन तुमच्या हातात कधी दिली?"

"तिफन? बावीसचा असन मी. लगन झालतं माह्यं."

"त्याआधी?"

"आधी वखर. रिकामं वावर असते, चुकलं त का बिघडते? मंग डवरा. तासात पीक असते, हात बसला पायजे. तिफन कोन देते पोराच्या हातात! तास वाकडं गेलं त दिवाळीलोक साऱ्या गावाले दिसते."

बोलता बोलता ते थांबले. मी मुद्दाम काही बोलले नाही. बाहेर बाजाराचा गलका चालू होता. मग पोराकडे वळून म्हणाले, "मंजे तू सद्या वखरावर हायेस, असं म्हन ना."

"वखरावरच हाय बाबा." तो त्या दिवशी पहिल्यांदा बापाकडे बघत होता.

हा प्रश्न सुचला याचं मला, खरं सांगते, आजही बरं वाटतं. माहेरी तिफन होती म्हणून सुचला, पुस्तकातून नाही. तरी पुस्तक आठवलं. मी अॅडलर या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. माणूस कामाला भिऊन क्वचितच पळतो. आपण कमी पडलेलं दिसेल, त्या जागेपासून पळतो. या मुलाला कांद्यांनी नाही, 'शेफ' या शब्दानं पळवलं होतं. आणि तो शब्द आईबापांनी प्रेमानंच गावभर वाटला होता.

म्हणून अशा घरांना मी सांगते ते हेच. सोयरिकीच्या कागदावर शेफ लिहू नका, तो आज जे आहे ते लिहा. फोनवर पगार विचारण्याआधी, आज हातात काय होतं ते विचारा. पैसे द्यायचे तर दोघांनी बसून आकडा आणि शेवटचा महिना ठरवा, अन् तो त्याला स्पष्ट सांगा. लपवून दिलेला पैसा पोराला कळतो, आणि आपण अजून पायावर उभे नाही हेही त्याच पैशातून कळतं. वावर मात्र विकू नका. लाज झाकायला टाकलेला धाबा चालवायचा शेवटी पोरालाच असतो, आणि त्याला तो हवा आहे का हे बहुतेक घरांत कुणी विचारलेलं नसतं. धुरा, म्हणजे वावराचा बांध, पाळा. धुऱ्याच्या अलीकडलं तुमचं, पलीकडलं त्याचं. भट्टीसमोर 12-12 तास उभं राहणं, दिवाळीत सुटी नाही, हे झेपत नाही असं तो स्वतः म्हणाला, तर त्याला आळशी म्हणू नका. चांगलं खायची आवड आणि रोज दुसऱ्यासाठी रांधायची आवड या वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलाच्या आईला हे सगळं पटलं नाही. आकडा ठरला, तरी ठेच्याची बरणी नि दोनशेची नोट एसटीनं येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती जातेच. असू दे.

मुलगा आता नागपुरात एका केटरिंगवाल्याकडे आहे, पुण्याहून कमी पगारावर. मागच्या बाजाराला भाऊ एकटेच आले होते. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"काय रे, वखर का डवरा?"

"डवरा. आज वरनाले फोडनी मी देल्ली."

"किती मानसाचं?"

"साठ."

"बरं," भाऊ म्हणाले, आणि सोयाबीनचा भाव सांगू लागले.