प्रश्न तुमचे: अँगोरा ससा आणि त्याची लोकर प्रदर्शनात

माझी मुलगी अमेरिकेत, ओहायोत, फोर-एच या मुलांच्या गटात आहे. ऑगस्टच्या काउंटी फेअरसाठी, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेसाठी, तिनं इंग्लिश अँगोराची मादी तयार केली आहे. ती रोज ब्रश करते, तरी गेल्या वर्षी ‘लोकर विरळ’ असा शेरा मिळाला. खुराक वाढवावा का?

खुराक आहे तेवढाच राहू द्या, ब्रश कमी करा. रोजच्या ब्रशनं गळणारे केस निघतात, पण त्यांच्याबरोबर तळची मऊ लोकरही उपटून येते. परीक्षक नेमकी तीच तपासतात. लोकरीत फुंकर मारून ते कातडीपर्यंत पाहतात, मग मूठभर लोकर दाबून भरीवपणा जोखतात. अमेरिकी प्रमाणकात इंग्लिश अँगोराच्या शंभर गुणांपैकी निम्म्याहून अधिक लोकरीला असतात आणि त्यांतले सर्वांत जास्त दाटपणाला. लांबीचं महत्त्व त्यानंतर.

ब्रशऐवजी ब्लोअर वापरा. हवा गार हवी, गरम नको. आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, वीतभर अंतरावरून झोत द्या. केस फाकून मध्ये कातडी दिसली की कोंडा आणि सुटे केस आपोआप उडतात. मग झोत पुढे सरकवा. जटा होतात त्या ठरलेल्या जागी: कानांमागे, हनुवटीखाली, बगलेत, जांघेत. तिथे बोटांनी रोज चाचपून पाहा. गुंता सापडला तर मुळाशी दोन बोटांत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडाथोडा सोडवा. सशाची कातडी फार पातळ असते, हिसका दिला की फाटते. अंघोळ तर कधीच घालू नका. ओल्या लोकरीचा नमदा होतो आणि ससा भेदरून, गारठून दगावू शकतो.

तारखेचं गणित आतापासून मांडा. लोकर महिन्याला साधारण इंचभर वाढते. ऑगस्टच्या मध्याला चार इंच हवी असेल, तर मागची लोकर एप्रिलच्या मध्यापर्यंत काढून झालेली हवी. जूनमध्ये काढली तर लांबी पुरणार नाही. जानेवारीत काढली तर नेमकी प्रदर्शनाच्या सुमाराला गळती लागायची, आणि गळतीतली लोकर हातात येते. मागच्या वर्षी असं झालं होतं का, हे नोंदवहीत तपासा.

चाटताना गिळलेली लोकर सशाला ओकून टाकता येत नाही. लेंड्या बारीक झाल्या, केसांच्या दोऱ्यानं माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या किंवा खाणं मंदावलं, तर लोकर लगेच कातरा, वाळलं गवत भरपूर द्या आणि पशुवैद्याला दाखवा. अशा वेळी प्रदर्शनाचा विचार बाजूला ठेवा.

फेअर ऐन उन्हाळ्यात आहे. नेताना काय सांभाळायचं?

सशाला घाम येऊन अंग थंड करता येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो. त्यात अंगावर चार इंच लोकर. तीस अंशांवर पारा गेला की धोका सुरू होतो. पाणी गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, वारा खेळता ठेवा, गाडी बंद करून मिनिटभरही जाऊ नका. पिंजऱ्याचा तळ जाळीचा हवा, भुसा नको. भुसा लोकरीत शिरला की निघत नाही.

डाव्या कानातला गोंदलेला क्रमांक वाचता येतो का पाहा. नखं, दात, नाक आणि तळपाय तपासा. वाढलेले वाकडे दात, नाकातून पांढरा स्राव, तळपायाची उघडी जखम किंवा लोकरीत माइट ही बारीक कीड दिसली तर प्राणी बाद होतो. पावडर किंवा रंग लावणं ही फसवणूक धरली जाते. सशांच्या रक्तस्रावी रोगाची (आरएचडीव्ही-2) लस अमेरिकेत 2021 मध्ये आपत्कालीन परवानगीनं आली. तिचे दोन डोस तीन आठवड्यांच्या अंतरानं देतात. तुमच्या फेअरला ती सक्तीची आहे का, हे दोन महिने आधीच विचारून घ्या.

उष्म्याची लाट असेल तर आमचं मत ठाम आहे: ससा कातरून घरी ठेवावा आणि फक्त लोकर पाठवावी.

लोकरीच्या विभागात प्रवेश देताना ती कशी मांडावी?

सगळ्यात जास्त गुण जातात ते मिसळीमुळे. पाठीची आणि कुशीची लांब, स्वच्छ लोकर वेगळी काढा. पोटाची, पायांची, पिवळट डाग पडलेली वेगळी. प्रदर्शनात पहिलीच द्यायची. कातरताना कात्री एकाच जागी दोनदा फिरली की अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात. सुतात त्यांच्या गाठी होतात आणि कापडातून ते गळत राहतात. प्रत्येक पुंजका उजेडात धरून असे तुकडे वेचून टाका. केसांची टोकं एका दिशेला ठेवून पातळ थर लावा, दोन थरांमध्ये पातळ कागद घाला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात सैल ठेवा. दाबलेली, दमटलेली किंवा वारंवार हाताळलेली लोकर घट्ट होऊन बसते. कसर लागू नये म्हणून झाकण बंद हवं. चिठ्ठीवर जात, रंग, वजन आणि लोकर उपटलेली की कातरलेली, एवढं लिहा.

सुताची लड देणार असाल तर पीळ मेंढीच्या लोकरीपेक्षा जास्त द्या. अँगोराचा केस गुळगुळीत असतो, कमी पिळात धागा सुटतो. त्याला लवचीकपणाही नसतो, म्हणून विणकामासाठी मेंढीची लोकर मिसळणं शहाणपणाचं. फक्त चिठ्ठीवर मिश्रणाचं प्रमाण खरं लिहा. धाग्यावरची लव धुतल्यावर आणि वापरात आपोआप फुलते, ती ब्रशनं उचलू नका.

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. अँगोरा पाळून इथल्या कृषी प्रदर्शनात मांडता येईल का?

आमचा सल्ला नाही असाच आहे. हा थंड हवेचा प्राणी. भारतात त्याचं काम हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर, सिक्कीम अशा डोंगराळ भागांत चालतं. कुलू जिल्ह्यात गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, आणि कुलूच्या विणकरांकडे अँगोराच्या शाली होतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अंगभर लोकर असलेला ससा पंख्याखाली ठेवूनही तगवणं कठीण. लोकरीचीच आवड असेल तर तिथून कच्ची अँगोरा मागवा, हातकार्डावर (तारांच्या दात्यांच्या फळीवर) विंचरून पेळू करा आणि टकळीवर कातून लड मांडा.