थ्रेडची प्रायॉरिटी : प्राधान्य की अग्रक्रम?

प्रश्न असा आला आहे : एम्बेडेड सॉफ्टवेअरवर (यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांच्या सॉफ्टवेअरवर) मराठीत टिपणे लिहिताना थ्रेडच्या, म्हणजे एका प्रोग्रॅममध्ये आलटूनपालटून चालणाऱ्या कामांपैकी एकेकाच्या, प्रायॉरिटीला काय म्हणावे? आणि ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’, ‘प्रायॉरिटी इनहेरिटन्स’ यांचे काय करावे?

‘प्राथमिकता’ आधीच बाजूला ठेवू. हिंदीत तो शब्द रुळला आहे, पण मराठी माणसाला ‘प्राथमिक’ म्हटले की शाळा आठवते नाहीतर उपचार. निवड उरते ती प्राधान्य आणि अग्रक्रम यांत, आणि माझे मत ठामपणे अग्रक्रमाच्या बाजूचे आहे.

प्राधान्य हे ‘प्रधान’वरून आले. त्यात मोठेपणा, महत्त्व आहे. रेशनच्या यादीतले ‘प्राधान्य कुटुंब’ बरोबर आहे, कारण तिथे धान्य कोणाला मिळावे हे ठरते, रांगेत आधी कोण हे नाही. थ्रेडच्या बाबतीत मात्र नेमका रांगेचाच प्रश्न असतो. एखाद्या यंत्रात मोटरचे नियंत्रण दर मिलिसेकंदाला व्हायला हवे आणि धोक्याची घंटा एका सेकंदाच्या आत वाजायला हवी, असे धरा. यांत जास्त महत्त्वाची घंटाच. तरीही वरची जागा मोटरच्या थ्रेडला देतात, कारण तिची मुदत आधी संपते; तिचे काम क्षणात उरकते आणि घंटेला पुरेसा वेळ उरतो. ज्याचा आवर्तनकाळ (किती वेळाने पुन्हा चालायचे तो काळ) कमी त्याला वरची जागा, हा नियम लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973 मध्ये मांडला. कोणते काम किती महत्त्वाचे, याचा त्यात विचारच नाही. ‘प्राधान्य’ लिहिले की नवशिका महत्त्व मोजत बसतो, आणि जो तो आपला थ्रेड वर चढवतो. ‘अग्रक्रम’ लिहिले की पुढे कोण, एवढेच विचारले जाते. शिवाय अनुक्रम, गुणानुक्रम, पसंतीक्रम ही भावंडे आपल्या ओळखीची आहेतच.

इन्व्हर्जनसाठी ‘व्युत्क्रम’ सुचतो, पण त्यात अख्खा क्रम उलटल्याचा भास होतो. इथे सगळी रांग उलटत नाही, एकाची जागा दुसरा घेतो. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर या नासाच्या यानावर हेच घडले. हवामानाची मोजमापे घेणाऱ्या खालच्या टास्कने (टास्क म्हणजे इथे थ्रेडच) सामायिक साधनाला कुलूप लावले होते, म्हणजे ते सोडेपर्यंत दुसऱ्या कोणाला ते साधन वापरता येणार नव्हते. वरचे टास्क ते उघडण्याची वाट पाहत थांबले. आणि मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी, ज्यांना त्या कुलपाशी देणेघेणे नव्हते, खालच्याला पुढे सरकूच दिले नाही. मधले चालत राहिले, वरचे ताटकळले. ठरलेले काम वेळेत झाले नाही म्हणून संगणक पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागला. ‘चिकटणे’चे ‘चिटकणे’ होते तेव्हा दोन वर्णांची अदलाबदल होते आणि आपण त्याला वर्णविपर्यय म्हणतो. त्याच चालीवर ‘अग्रक्रमविपर्यय’ म्हणावे. लांब आहे, पण फुटत नाही आणि अर्थ सांगतो.

पृथ्वीवरून त्या कुलपाची एक सोय चालू केली गेली आणि रीसेट थांबले. तीच इनहेरिटन्स. पाठ्यपुस्तकी भाषांतर ‘वारसा’ होईल, आणि तो मला अजिबात पटत नाही. वारसा वडीलधाऱ्यांकडून येतो आणि आपल्याकडेच राहतो. इथे वरचा थ्रेड वाट पाहत असेपर्यंतच खालच्याला त्याचा अग्रक्रम मिळतो. कुलूप सोडले की तो परत जातो. शेजारून वाटीभर साखर आणावी तसे हे. म्हणून ‘उसना अग्रक्रम’. ‘खालच्या टास्कला उसना अग्रक्रम मिळतो’ हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा, काय होते ते वेगळे समजवावे लागत नाही.

अग्रक्रम वापरताना एकच जपावे लागते. ‘पहिला अग्रक्रम’ किंवा ‘अग्रक्रम वाढवा’ असे लिहू नका. व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टममध्ये) 0 सर्वांत वरचा आणि 255 सर्वांत खालचा. फ्रीआरटीओएस या दुसऱ्या कार्यप्रणालीत उलट, तिथे आकडा मोठा तो वरचा आणि 0 वर रिकाम्या वेळेचे टास्क बसते. तिथे ‘पहिला’ म्हणून कोणी 1 लिहिला तर ते काम जवळजवळ तळाशी जाईल. ‘वरचा अग्रक्रम’, ‘खालचा अग्रक्रम’ असेच लिहावे, आणि आकडा दिलाच तर कोणत्या प्रणालीचा ते शेजारी नोंदवावे.