लॅटिनमधले सद्गुण, स्वभाव आणि नागरी जीवनाचे शब्द डोक्यात बसत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या घरी लॅटिन शिकताय, विभक्त्या बऱ्यापैकी जमतात, पण विर्तुस, दिग्नितास, ग्रावितास, पिएतास, फिदेस असे शब्द आले की सगळ्यांचा अर्थ 'चांगुलपणा' नाहीतर 'मोठेपणा' असाच वाटतो आणि चार दिवसांत यादी विसरायला होते. शाळेत संस्कृत झालंय, त्याचा काही उपयोग होईल का, असंही विचारलंय.

उपयोग होतो, भरपूर होतो. त्याकडे येतेच. पण आधी ती यादी बाजूला ठेवा. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिलात की हे शब्द एकमेकांत मिसळणारच. रोममध्ये गुण हा चारचौघांत दिसायचा, चारचौघांनी मान्य करायचा. म्हणून प्रत्येक शब्दापाशी दोनच प्रश्न विचारा: हा गुण कोणाशी वागताना दिसतो, आणि तो अंगी आहे की नाही हे ठरवतं कोण?

पिएतास घ्या. हा आई-वडील, देव आणि देश यांच्याशी वागताना दिसतो. जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला एनियस, रोमनांचा दंतकथेतला पूर्वज, त्याला रोमन कवी व्हर्जिल पुन्हा पुन्हा 'पिउस' म्हणतो. तिथे दयेचा संबंध नाही, कर्तव्याचा आहे. (दया हा अर्थ पुढे आला. पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचं 'पिएदाद' झालं. गोव्यात दिवाडी बेटावर पिएदाद नावाचं गाव आहे, ते याच शब्दावरून.) फिदेस म्हणजे दिलेला शब्द पाळणं, आणि त्यामुळे समोरच्यानं टाकलेला विश्वासही. रोमनांनी तिला देवी मानून कॅपिटोलिन टेकडीवर तिचं मंदिर बांधलं होतं. दिग्नितास मात्र लोकांनी द्यायची: केलेल्या कामावर आणि भूषवलेल्या पदांवर उभी असलेली पत. इ.स.पू. 49 मध्ये सीझर सैन्य घेऊन इटलीत उतरला तेव्हा त्यानं दिलेल्या कारणांत हेही होतं की आपल्याला आपली दिग्नितास प्राणाहून मोलाची आहे. एवढं कळलं की या शब्दाला नुसतं 'प्रतिष्ठा' म्हणून पुढे जाववत नाही.

आउक्तोरितास आणि पोतेस्तास ही जोडी तर एकत्रच शिका. पोतेस्तास पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. आउक्तोरितास म्हणजे आपण ज्याला 'शब्दाला वजन असणं' म्हणतो ते. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस यानं स्वतःच्या कारकिर्दीचा जो वृत्तांत लिहून ठेवला, त्यात तो म्हणतो की आउक्तोरितासमध्ये मी सगळ्यांच्या पुढे होतो, पोतेस्तास मात्र पदावरच्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हती. सगळी सत्ता हातात असलेल्या माणसानं हे लिहावं, यातच त्या काळाचं राजकारण कळतं.

आता संस्कृत. वृत्तं शिकताना लघु-गुरु केले असतील ना? लॅटिनमधले लेविस (हलका) आणि ग्राविस (जड) हे याच लघु आणि गुरुचे सख्खे भाऊबंद. ग्राविसपासून ग्रावितास, म्हणजे भारदस्तपणा. लेविसपासून लेवितास, म्हणजे उथळपणा, ज्याचा रोमन माणसाला तिटकारा. विर म्हणजे पुरुष, तो आपला वीर. त्यापासून विर्तुस, म्हणून तिचा मूळ अर्थ मर्दुमकी, रणांगणावरचं शौर्य. 'सद्गुण' हा व्यापक अर्थ नंतरचा. क्रेदो (मी विश्वास ठेवतो) आणि श्रद्धा यांचं मूळ एक. प्रत्ययसुद्धा ओळखीचा निघतो: समता, सभ्यता यांतला -ता स्त्रीलिंगी, आणि त्याच्या नात्यातला -तास लागलेले लॅटिन शब्दही सगळे स्त्रीलिंगी. मात्र नात्यावरून रूप आणि लिंग लक्षात ठेवा, अर्थ वाक्यातूनच घ्या.

वाक्यं कुठून घ्यायची? माझं ठाम मत आहे की सुरुवात कोरलेल्या आणि रंगवलेल्या मजकुरापासून करावी. दोन ठिकाणं सांगते.

पहिलं, ऑगस्टसची ढाल. इ.स.पू. 27 मध्ये सिनेटनं, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेनं, त्याला सोन्याची ढाल दिली आणि ती सभागृहात लावली. तिची संगमरवरी प्रत फ्रान्समध्ये आर्लला सापडली आहे. ढाल कशाबद्दल, तर 'विर्तुतिस, क्लेमेन्तियाए, यूस्तितियाए, पिएतातिस': शौर्य, क्षमाशीलता, न्याय आणि कर्तव्यनिष्ठा. पुढे लगेच 'एर्गा देओस पात्रियाम्क्वे', देवांप्रती आणि देशाप्रती. चारही शब्द षष्ठीत आहेत. ही एक ओळ पाठ केलीत तर विर्तुस-विर्तुतिस, पिएतास-पिएतातिस ही मूळ अंगं कायमची बसतात, आणि पिएतास कोणाशी हेही तिथेच लिहिलेलं आहे.

दुसरं, पॉम्पेईच्या भिंती. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या या गावात निवडणुकीचे प्रचारमजकूर भिंतींवर तसेच राहिले आहेत. उमेदवाराचं नाव द्वितीयेत, पदाचं नाव तोडून लिहिलेलं, मग ओ, व्ही, एफ ही तीन अक्षरं: ओरो वोस फाकियातिस, 'याला निवडून द्या ही विनंती'. कुणाला 'विरुम बोनुम', भला माणूस, म्हटलंय, कुणाला 'प्रोबुम', सचोटीचा, तर कुणाला 'दिग्नुम', लायक. दिग्नितासचं मूळ हेच. युलियुस पोलिबियुस नावाच्या उमेदवाराबद्दल तर लिहिलंय, 'पानेम बोनुम फेर्त', हा चांगला पाव आणतो! दुसऱ्या एकाबद्दल, हा तिजोरी सांभाळेल. तीन-चार शब्दांची वाक्यं, सोपी विभक्ती, आणि गावाला आपल्या पुढाऱ्याकडून काय हवं होतं ते स्वच्छ दिसतं.

नागरी जीवनाचे शब्द उमेदवाराच्या मागे मागे चालत शिका. पांढऱ्याफेक टोग्यातला (टोगा म्हणजे रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) तो कान्दिदातुस, म्हणजे उमेदवार. मतांसाठी लोकांत फिरणं ही अंबितियो, त्यात पैसे वाटले की अंबितुस, आणि तो गुन्हा. मत म्हणजे सुफ्रागियुम. निवडून आल्यावर मिळतो तो होनोस, मान आणि पद दोन्ही. क्वाएस्तोर, आएदिलिस, प्राएतोर, कोन्सुल या खालून वर जाणाऱ्या पदांच्या पायऱ्या क्रमानं पाठ करा, फार वेळ लागणार नाही.

वहीत नामाशेजारी त्याची षष्ठी, त्याचं विशेषण आणि भिंतीवरची किंवा दगडावरची एक ओळ लिहा. मराठी अर्थ सगळ्यात शेवटी, तोही पेन्सिलीनं, कारण रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो वाचायला घ्याल तेव्हा तो बदलावा लागेल. ढाल आणि भिंती वाचून झाल्या की स्किपिओ बार्बातुस या जुन्या रोमन कोन्सुलच्या शवपेटीवरचा लेख घ्या. त्यात जुनी रूपं आहेत, 'कोन्सुल'ऐवजी 'कोन्सोल' वगैरे. कुठे अडलं तर ओळ इथे टाका, मी बघते.