जिंगलची वही फेकून देऊ नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पानशेतच्या पुरावर वीस मिनिटांची समूहगायनाची रचना करण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला किती आनंद झाला हे वेगळे सांगायला नको. पण त्याच पत्रात तू लिहितेस की, गेली पाच वर्षे जाहिरातींसाठी केलेल्या जिंगलची तुला आता लाज वाटते, ती वही माळ्यावर टाकून कोऱ्या मनाने कामाला बसावे असे वाटते. हे तू करू नयेस, म्हणून हे लांबलचक पत्र लिहितो आहे. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत तीस वर्षे व्हायोलिन वाजवलेल्या माणसाचा सल्ला म्हणून ते वाच, आणि वाचताना ब्रिटनमधल्या वेल्स या देशातल्या एका हयात संगीतकाराची सोबत घे. त्यांचे नाव कार्ल जेन्किन्स.

जेन्किन्स यांचा जन्म १७ फेब्रुवारी १९४४ रोजी स्वान्सीजवळच्या गावर द्वीपकल्पावरील पेनक्लाउद या गावी झाला. खाडीचे पाणी ओसरले की वाळूतून कॉकल वेचायच्या, आपल्या तिसऱ्यांसारख्याच त्या शिंपल्या, आणि गाढवांच्या पाठीवर लादून आणायच्या, हा तिथल्या बायकांचा पिढीजात धंदा. आई लहानपणीच गेली. वडील शाळामास्तर होते आणि गावातल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, ऑर्गन वाजवीत व गायकवृंद चालवीत. पियानोचे पहिले धडे त्यांनीच दिले. वेल्समधल्या चॅपलचे संगीत म्हणजे काय, हे आपल्याला भजनी मंडळावरून थोडेफार उमगते. खाणकामगार, शेतकरी, दुकानदार एकत्र बसून उंच-खालच्या चार आवाजांत उपासनागीते गातात, आणि अनेक चॅपलांनी मिळून भरवलेल्या गीतमेळ्याला 'कमान्वा गानी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात हे गाणे तिथल्या कष्टकऱ्यांत पसरले ते 'टॉनिक सोल-फा' या लेखनपद्धतीमुळे. तिच्यात पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच रेघांची गरज नसते. डो-रे-मी ही अक्षरेच लिहायची, आणि डो कुठल्याही पट्टीत धरायचा, आपण षड्ज धरतो तसा. ज्यांना पियानो परवडत नव्हता त्यांनी हँडेलची मोठी समूहगाने या अक्षरांवरून बसवली. तू सरगम लिहून चाल बांधतेस, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तुझी पद्धत कमअस्सल आहे असे कुणी म्हणाले, तर एका अख्ख्या देशाचे गाणे तशाच पद्धतीवर उभे राहिले, हे लक्षात असू दे.

जेन्किन्स ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवू लागले, वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात पोहोचले, कार्डिफ विद्यापीठात शिकले आणि पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले. इथवरची वाट सरळ आहे. मग ते जॅझकडे वळले. 'न्यूक्लियस' या वृंदाच्या संस्थापकांत ते होते, आणि त्या वृंदाने १९७० साली माँत्रच्या जॅझ महोत्सवात पहिले पारितोषिक मिळवले. १९७२ मध्ये ते 'सॉफ्ट मशीन' या वृंदात गेले. ओबो, सॅक्सोफोन, कीबोर्ड, जे लागेल ते त्यांनी वाजवले.

यानंतरची वर्षे तुझ्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहेत. 'सॉफ्ट मशीन'मधले सहकारी माइक रॅटलेज यांच्याबरोबर त्यांनी जाहिरातींना संगीत देण्याचे काम धरले आणि कितीतरी वर्षे केले. हिऱ्यांच्या एका कंपनीसाठी त्यांनी तंतुवाद्यांचा एक तुकडा लिहिला होता. तो मनातून जाईना, तेव्हा त्याचीच पुढे 'पॅलाडिओ' ही तीन भागांची रचना झाली. नाव सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकाराचे. १९९४ मध्ये एका अमेरिकी विमान कंपनीच्या जाहिरातीसाठी त्यांनी जे केले, त्यातून १९९५ चा 'आदिएमस' हा संग्रह उभा राहिला. त्यातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. मिरियम स्टॉकली यांचा आवाज थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केला, आणि ऐकणाऱ्याने अर्थाच्या मागे न लागता आवाजच ऐकावा म्हणून अक्षरे जेन्किन्स यांनीच घडवली. तराणा ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. 'ओदानि दीम् तन' म्हणताना आपण तरी कुठला अर्थ शोधतो?

आता जाहिरातीने त्यांना काय दिले ते बघ. तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला धरायचे असेल, तर पहिल्या दोन आवर्तनांतच लय आणि वळण ठसावे लागते. कुठले वाद्य कशावर झाकले जाते, हे आठवड्याला चार वेळा स्टुडिओत ऐकून कळते. ते पुस्तकात सापडत नाही. गुरुवारी सकाळी वादक येणार म्हणजे बुधवारी रात्री स्वरलिपी तयार असतेच. हे सगळे तुझ्या वहीत आहे, मुली. मी तुझ्या तीन-चार ध्वनिमुद्रणांत वाजवले आहे, म्हणून खात्रीने सांगतो. आवाजांना श्वास घ्यायला जागा कुठे ठेवायची, हे तुला तेव्हाच कळत होते.

याचा धोकाही सांगायला हवा. ठसवण्याची सवय लागली की तीच तीच युक्ती पुन्हा वापरावीशी वाटते. जेन्किन्स यांच्यावर समीक्षकांनी सोपेपणाचा आरोप वारंवार केला आहे, आणि 'आदिएमस'नंतरच्या त्याच मालिकेतले काही संग्रह ऐकताना तो आरोप मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. तालाचा ठेका, वर चढत जाणारे आवाज, अचानक थांबणे, हे ओळखीचे होऊन बसते. तरीही त्यांच्या एका रचनेपुढे मी हा आरोप बाजूला ठेवतो, आणि तू महिनाभर तीच ऐकावीस असे मला वाटते.

ती रचना म्हणजे 'द आर्म्ड मॅन : अ मास फॉर पीस'. लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाने नव्या सहस्रकानिमित्त ती मागवली, आणि २५ एप्रिल २००० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. कोसोव्होच्या युद्धात बळी पडलेल्यांना ती अर्पण केली आहे. शस्त्रे जपणाऱ्या संस्थेने शांततेसाठी प्रार्थना मागावी, यातच तिचे बीज आहे. तिचे तेरा भाग आहेत. सांगाडा कॅथलिक प्रार्थनेचा आहे, पण सुरुवात होते ती 'शस्त्रधारी माणसापासून सावध राहा' असे सांगणाऱ्या पंधराव्या शतकातल्या फ्रेंच गाण्याने. त्याच गाण्यावर द्युफे, जोस्कँ, पालेस्त्रीना या जुन्या युरोपीय संगीतकारांनी आपापल्या काळात प्रार्थना रचल्या होत्या, म्हणजे जेन्किन्स एका जुन्या परंपरेच्या रांगेत येऊन उभे राहतात. त्या कूचगीतामागोमाग अजान येते. पुढे बायबलमधली स्तोत्रे आहेत, किपलिंगच्या ओळी आहेत. मधोमध 'चार्ज' हा हल्ल्याचा भाग आहे. तो किंकाळ्यांत शिगेला पोहोचतो, मग शांतता, आणि मग मृत सैनिकांसाठी वाजवतात ते बिगुल एकटेच.

त्यानंतर हिरोशिमा अनुभवलेल्या तोगे सांकिची या कवीचे शब्द येतात, आणि त्यांना लागून महाभारत. खांडववनाच्या दाहाचा उतारा. आपण ती कथा लहानपणापासून अर्जुनाला गांडीव मिळाल्याची, अग्नीची भूक भागल्याची म्हणून ऐकत आलो. वेल्सच्या चॅपलमध्ये वाढलेल्या माणसाने तिच्यातले वीर बाजूला काढले आणि पेटलेल्या अंगाने दाही दिशांना धावणारे प्राणी तेवढे ठेवले. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा खुर्चीत बसवेना. तीच कथा मी मुलांना हसत हसत सांगितली होती. कार्डिफला माझ्या लेकीकडे गेलो असताना एका चर्चमध्ये हौशी वृंदाने ही रचना गायली, त्यात परिचारिका होत्या, पोस्टात काम करणारे होते, निवृत्त शिक्षक होते. आणि त्यांच्या तोंडून खांडववन ऐकताना, दुसऱ्याकडून घेतलेली गोष्ट जपायची कशी, हे मला समजले. जेन्किन्स यांनी ती सजावटीसाठी घेतली नव्हती. हिरोशिमाच्या शेजारी बसेल असे दुसरे काही त्यांना हवे होते, आणि ते आपल्या ग्रंथात होते.

आणखी पुढे, शेवटाजवळ येणारा 'बेनेडिक्टस' हा भाग नीट ऐक. चेलो एकट्याने, अगदी संथपणे एक सुरावट वर नेतो. गायकवृंद बराच उशिरा आणि अगदी हळू आवाजात येतो. सामान्य वृंदाला पेलेल अशीच ती रचना आहे, आणि म्हणूनच जगभरातल्या हौशी वृंदांनी ती आपली मानली. तिची ध्वनिमुद्रिका बाजारात आली ती १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जे झाले, त्यानंतर लोकांनी ती कोणत्या मनाने ऐकली असेल, याचा मी नेहमी विचार करतो.

तुझ्या कामाला सर्वांत जवळची रचना मात्र दुसरी आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या शुक्रवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास वेल्समधल्या ॲबरवॅन गावावर कोळशाच्या खाणीतल्या मातीदगडांचा ढिगारा डोंगरावरून घसरून आला. झऱ्यांवर रचलेला तो ढिगारा पावसाने भिजला होता. खाली पँटग्लास शाळा नुकतीच भरली होती. १४४ माणसे गेली. त्यांतली ११६ मुले होती. चौकशी आयोगाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. या घटनेला पन्नास वर्षे होताना, एस-फोर-सी या वेल्श भाषेतल्या दूरचित्रवाहिनीने मागितल्यावरून, जेन्किन्स यांनी 'कँटाटा मेमोरिया' लिहिली. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी कार्डिफच्या वेल्स मिलेनियम सेंटरमध्ये ती गायली गेली. शब्द मेरेरिद हॉपवुड या कवयित्रीचे, वेल्श आणि इंग्रजी धरून अनेक भाषांतले. ब्रिन टर्फेल यांच्यासारखे मोठे गायक होते, पण माझे लक्ष दोन वाद्यांवर गेले. एक वेल्सची हार्प, कॅट्रिन फिंच यांची. दुसरे युफोनियम, खाणींच्या खोऱ्यांतल्या ब्रास बँडमध्ये घरोघरच्या माणसांनी वाजवलेले पितळी वाद्य. गावाचे दुःख सांगायला जेन्किन्स यांनी गावाचाच आवाज घेतला. मुलांसाठी मुलांचा वृंद घेतला. आणि रचना अंधारात न संपवता उजेडाकडे नेली, कारण त्या खोऱ्यात माणसे अजून राहतात.

१२ जुलै १९६१ ला मी सात वर्षांचा होतो. पानशेत फुटले, मग खडकवासला गेले, आणि पाणी पुणे शहरात शिरले. आमच्या वाड्याच्या भिंतीवरची ओलीची रेघ पुढे कित्येक वर्षे पुसली गेली नाही. ज्यांनी तो दिवस पाहिला अशी माणसे तुझ्या पहिल्या प्रयोगाला समोर बसलेली असतील. म्हणून पाण्याचा लोंढा वाद्यांनी दाखवायच्या मोहात पडू नकोस. त्यांनी तो ऐकला आहे. आधी दहा-बारा जणांकडे जाऊन बस आणि त्यांना त्या सकाळी स्वयंपाकघरात काय शिजत होते ते विचार. शब्द तिथून घे. वाद्ये निवडताना पेठांतल्या वाड्यांतून तेव्हा काय ऐकू येत असे ते शोध. पायपेटी, टाळ, भजनातली झांज, कदाचित एवढेच पुरेल. तुझ्या वृंदात नोकरी करून संध्याकाळी येणारी माणसे आहेत, तेव्हा सर्वांत उंच आवाजाच्या बायकांना तार षड्जावर बराच वेळ टांगून ठेवू नकोस. आणि 'चार्ज'नंतरची ती शांतता आठवून तुझ्या रचनेत एक जागा पूर्ण रिकामी सोड, तिथे काहीही वाजू नये.

२०१५ मध्ये जेन्किन्स यांना 'सर' हा किताब मिळाला, आणि तो मिळणारे ते पहिले वेल्श संगीतकार. किताबाचे तुला-मला फारसे काम नाही, पण हिऱ्यांच्या जाहिरातीचा तुकडा त्यांनी कधी लपवला नाही, हे मात्र मला मोलाचे वाटते.

वही माळ्यावर टाकू नकोस. तिच्यातली ती दुधाच्या जाहिरातीची अंगाई, जी ग्राहकाने नाकारली होती, तिचा मधला आवाज मला अजून आठवतो. वरची सुरावट सध्या राहू दे. त्या मधल्या आवाजाच्या सोळा मात्रा सरगमीत लिहून काढ, श्वासाच्या खुणा कर, स्वतः उभी राहून तीनदा गा, आणि मग पुढच्या पत्रासोबत तेवढेच पाठव.

तुझा,
काका